वेग सायकलीत किती, कोपरात किती?

प्रश्न: दादा, मी सातारला गोडोलीत राहतो, बँकेत नोकरी. वय ४३, वजन ७६. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हायब्रिड सायकल घेतली. पुढं सस्पेन्शन, ७०० बाय ३८ चे टायर, २१ गिअर, वजन १४ किलो. दर रविवारी आमचा सात-आठ जणांचा ग्रुप निघतो. एक रविवार पाचवडवरून वाई, एक रविवार यवतेश्वर चढून कास. बाकी सगळ्यांकडं आता रोड बाईक आल्यात, हायब्रिडवाला मी एकटाच उरलोय. सपाटीला एकटा असलो की माझा वेग २२ च्या आसपास राहतो, त्यांचा पंचवीस-सव्वीस. वाईला जाताना त्यांच्या मागं चिकटून कसाबसा टिकतो, पण एखादा उड्डाणपूल किंवा चढ आला की सुटतो, आणि मग शेवटपर्यंत एकटाच. यवतेश्वरला पाऊण तास लागतो, वेग आठवर येतो. ६५ हजारांची एक रोड बाईक बघून ठेवलीय, ॲल्युमिनियमची, साडेदहा किलोची. बायको म्हणते, "सायकलीला काही झालेलं नाही, तुम्हाला झालंय." वेग खरंच वाढेल का आणि किती, ते स्पष्ट सांगा. यंदाच्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची इच्छा आहे. आणि जुन्या सायकलीचं काय करू? मुलगी आठवीत आहे, ती सायकल मागतेय, पण ही तिला मोठी होईल असं वाटतं. विकून टाकू का? — एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर:

दादा म्हटलंत, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. वेग वाढेल. सपाट रस्ता, वारा पडलेला, तुम्ही एकटे आणि पायात आज आहे तेवढाच जोर, असं धरलं तर तुमचे २२ चे २५ होतील. घाटात आठचे साडेआठ झाले तरी खूश व्हा. आणि ग्रुपमधून सुटायचं जे दुखणं आहे, ज्याच्यामुळं हे पत्र लिहिलंत असा माझा अंदाज आहे, ते नुसत्या ६५ हजारांनी बरं होणार नाही.

आता हे तीन किलोमीटर येतात कुठून, ते बघू. कारण ते कळलं की त्यातले किती विकत घ्यायचे आणि किती फुकट मिळतात, याचा हिशोब तुमचा तुम्हालाच लागेल. बँकेतल्या माणसाला मी हिशोब काय शिकवणार!

ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्या बघितल्या असतील. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्या वाऱ्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. वेगाचा घन. सायकलवाल्याचं गणित तेच, फक्त उलट्या बाजूनं: तिथं वारा पात्याला ढकलतो, इथं तुम्ही वाऱ्याला. २० नं चाललेल्या माणसाला २५ नं जायचं असेल तर वेग सव्वापट हवा, पण हवा कापायला लागणारा जोर जवळपास दुप्पट होतो. म्हणून दहावरून पंधरावर आपण हसत हसत येतो, वीसवरून पंचवीसला फेस येतो. बावीसच्या वेगाला तुमच्या पायातल्या जोरातला निम्म्याहून जास्त हिस्सा हवा खाते. आणि ही हवा सायकलला कमी अडवते, सायकलवरच्या माणसाला जास्त. तुमची छाती, तुमचे खांदे, तुमचा फुगलेला शर्ट.

येत्या रविवारी पोवई नाक्यावरून जाताना एखाद्या बंद दुकानाच्या काचेत स्वतःला बघा. हायब्रिडचं हँडल सरळ आणि उंच. हात काठीसारखे ताठ, पाठ उभी, छाती रस्त्याला सामोरी, विंडचीटरची चेन अर्धी उघडी आणि पाठीवर त्याचा फुगा. डबा घेऊन ऑफिसला निघालेल्या माणसाची बैठक आहे ती. त्यात वाईट काही नाही, हायब्रिड त्यासाठीच बनते. रस्त्यावरचं सगळं दिसतं, मान दुखत नाही, भाजी आणता येते. पण त्या बैठकीत तुम्ही दाराएवढे रुंद होऊन वाऱ्यासमोर बसलेले असता. रोड बाईकचं वाकडं हँडल तुम्हाला पुढं ओढतं, खाली वाकवतं, खांदे आत घेतं. ती सायकल वेगवान आहे म्हणण्यापेक्षा ती तुमची घडी घालते म्हणणं जास्त बरोबर.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर एक मोठं उदाहरण देतो. ट्रॅकवर एका तासात किती अंतर कापता येतं, याचा एक जुना आणि मानाचा विक्रम असतो, अवर रेकॉर्ड म्हणतात त्याला. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमननं १९९६ मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅकवर तासात ५६.३७५ किलोमीटर काढले, हात सुपरमॅनसारखे पुढं लांब करून. नंतर नियम बदलले. बेल्जियमच्या एडी मर्क्सनं १९७२ मध्ये जशा सायकलवर विक्रम केला, तशीच साधी सायकल आणि तसंच वाकडं हँडल हवं, असं ठरलं. बोर्डमन २००० साली त्याच मँचेस्टरला पुन्हा उतरला. किती झाले? ४९.४४१. मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. चार वर्षांनी वय वाढलेलं, चाकंही साधी, हे सगळं धरूनसुद्धा माणूस तोच आणि फरक जवळजवळ सात किलोमीटरचा. त्यातला मोठा वाटा बैठकीचा.

हवेनंतर टायर. याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं आणि माझ्या मते पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फायदा इथं आहे. तुमचे ३८ चे, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर, बहुतेक खाचा-खोचांचे, जाड रबराचे. डांबरीवर त्यांचा घुंई आवाज येतो ना? तो आवाज तुमच्या पायातून जातोय. प्रत्येक फेरीला टायर खाली दबतो, परत फुगतो, आणि त्या दबण्या-फुगण्यात जोर वाया जातो. जाड, कडक, खाचांच्या टायरमध्ये जास्त. पातळ कडांच्या गुळगुळीत टायरमध्ये कमी. अरुंद टायर म्हणजेच वेगवान टायर, हा मात्र गैरसमज आहे. रबर चांगलं असेल तर ३२ चा टायरही उत्तम पळतो. आपल्याकडं ऊस तोडणी सुरू झाली की रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या असतात, साखर कारखान्याच्या वाटेवर तर त्यांचा सडाच. अशा रस्त्याला २३ आणि २५ चे टायर घालून मिरवणाऱ्यांना मी पंक्चर काढताना बरेचदा भेटलोय.

मी तुमच्या वजनाचा, सायकलीचा, सातारच्या उंचीवरच्या जराशा विरळ हवेचा अंदाज धरून कागदावर आकडे मांडले. काटेकोर नाहीत, पण दिशा कळते. आज २२. तुमच्याच हायब्रिडला फक्त चांगले गुळगुळीत टायर घातले, बाकी काही नाही, तर २३ च्या थोडं वर. त्यात हँडल खाली आणून कोपरं वाकवून बसलात तर पावणेचोवीस-चोवीस. पूर्ण रोड बाईक, तर २५, फार तर साडेपंचवीस. म्हणजे जो फरक ६५ हजारांना विकत घ्यायला निघालात, त्यातला निम्म्याहून जास्त पाच-सहा हजारांत घरच्या सायकलवर मिळतो. उरलेल्या दीड किलोमीटरसाठी बाकीचे साठ हजार. ते घालवू नका असं मी म्हणत नाही. हौसेला मोल नसतं, आणि रोड बाईक चालवण्यात एक वेगळीच मजा आहे, हे मी कबूल करतो. पण कशाचे किती पडतात ते माहीत असावं.

आता यवतेश्वर. इथं हवेचा प्रश्नच मिटतो, कारण आठच्या वेगाला हवा अडवतच नाही म्हटलं तरी चालेल. इथं फक्त वजन. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या, कपडे मिळून साधारण ९२ किलो समर्थ मंदिरापासून वर चढवताय. रोड बाईक घेऊन त्यातले साडेतीन किलो कमी झाले. शेकडा चारसुद्धा नाही. पाऊण तासाच्या चढाला वजनामुळं दीड-पावणेदोन मिनिटं वाचतील, टायरमुळं आणखी थोडी. बाकीचं वजन कुणाचं आहे याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, त्यामुळं मीही बोलणार नाही.

पण घाटात एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, ती गिअरची. तुमच्या हायब्रिडला पुढं तीन चेनव्हील आहेत. सगळ्यात लहान बहुधा २८ दातांचं आणि मागं सगळ्यात मोठं फ्रीव्हील ३४ चं असेल. आजच बोट ठेवून मोजा, खडूनं एका दातावर खूण करून मोजलं की चुकत नाही. या जोडीत पायडलची एक फेरी मारली की सायकल पावणेदोन मीटर पुढं जाते. बऱ्याच रोड बाईकना पुढं ५० आणि ३४ अशी दोनच चेनव्हील असतात आणि मागं मोठ्यात मोठं २८. त्यात सगळ्यात हलक्या गिअरला एका फेरीत अडीच मीटर. आता आठच्या वेगानं यवतेश्वर चढताना हायब्रिडवर तुमचे पाय मिनिटाला साधारण ७५ फेऱ्या मारतात, आणि या रोड बाईकवर मारतील ५२. ५२ म्हणजे प्रत्येक फेरीला दाबून, रेटून, गुडघ्यावर भार घेऊन. त्रेचाळिसाव्या वर्षी गुडघे तक्रार करत नाहीत, ते नोंद करून ठेवतात. म्हणून ती सायकल घ्यायची वेळ आलीच, तर दुकानात रंग बघायच्या आधी मागची कॅसेट, म्हणजे दातांच्या चकत्यांचा संच, बघा. त्यातली सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची हवी. २८ असेल तर बदलून द्या म्हणायचं, आणि मागचं डिरेलर (चेन सरकवणारा भाग) ती पेलतं का तेही विचारायचं.

उलटी तक्रारही लोक करतात, हायब्रिडला वरचा गिअर कमी पडतो म्हणून वेग मिळत नाही. तुमच्या सायकलला पुढं मोठं ४८ आणि मागं लहान १४ जरी असलं, तरी मिनिटाला ८० फेऱ्यांनी पस्तीसच्या वर वेग निघतो. तुम्ही पंचवीससाठी झगडताय. गिअर पुरेसे आहेत.

बरं, आता ग्रुपमधून सुटायचं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "एखादा उड्डाणपूल किंवा चढ आला की सुटतो, आणि मग शेवटपर्यंत एकटाच." दुखणं इथं आहे.

पुढच्याच्या चाकामागं हात-दीड हात अंतर ठेवून चाललात की हवा कापायचं काम तो करतो. तुम्हाला त्या हवेसाठी लागणारा जोर चौथा ते तिसरा हिस्सा कमी लागतो. म्हणून एकटे बावीसनं चालणारे तुम्ही ग्रुपमध्ये पंचवीसनं टिकता. मग पूल येतो. वेग पंधरा-सोळावर उतरतो, आडोशाचा फायदा जवळपास संपतो आणि १४ किलोचं लोखंड, जाड टायर, डुलणारं सस्पेन्शन हे सगळं एकदम जाणवतं. ते माथ्यावर पोचतात तेव्हा तुम्ही पन्नास मीटर मागं. आणि पन्नास मीटर मागं असणं म्हणजे पन्नास मीटर नाही, कारण आता तुम्ही वाऱ्यात एकटे आहात. ते अंतर भरून काढायला तुम्हाला एकट्याला २८ नं जावं लागेल, म्हणजे बावीसच्या पावणेदोनपट जोर. तो कुठून आणणार? मग दर दहा किलोमीटरला तुमच्यात आणि त्यांच्यात जवळपास चार मिनिटं पडत जातात. ते पाचवडला चहा संपवून उठतात तेव्हा तुम्ही पोचता, आणि विश्रांती न घेताच पुन्हा निघता. शेवटी तुम्हाला वाटतं, सायकल मंद आहे. खरं तर हे सगळं त्या एका पुलाच्या दोन मिनिटांत ठरलेलं असतं.

याला एक जुना उपाय आहे, फुकटचा. चढ लागायच्या आधी पुढं जा. म्हणजे सपाटीच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ग्रुपच्या तोंडाशी या, अगदी पहिले नाही, पण दुसरे-तिसरे. चढ सुरू झाला की तुमच्या चालीनं चढा. एकेक जण तुम्हाला मागं टाकत जाईल, जाऊ दे. सात-आठ जणांची रांग ओलांडून जाईपर्यंत माथा येतो आणि तुम्ही शेवटच्या माणसाच्या चाकाशी असता. ग्रुपच्या आत सरकत मागं आलात, ग्रुपच्या बाहेर नाही. आणि माथ्यावर दम खाऊ नका. तिथं दहा-बारा पायडल जोरात मारा, चाक पकडा, मग दम खा. सगळे माथ्यावरच सुस्तावतात आणि तिथंच सुटतात.

रोड बाईकनं इथं मदत होणार नाही असं नाही. चढाला थोडी, आणि सुटल्यावर एकट्यानं चालायला बरीच. पण ही युक्ती नसेल तर नव्या सायकलवरही सुटाल, फक्त जरा पुढच्या पुलाला.

माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे मी शहाणपण कुठून आणलं ते कळेल. पन्नाशी गाठली त्या वर्षी मीही रोड बाईक घेतली. दुसऱ्या शहरातलं दुकान, नाव सांगत नाही. माझी उंची पाच फूट पाच इंच. दुकानदाराकडं ५६ ची फ्रेम शिल्लक होती. त्यानं सीट खाली करून दिली, मला बसवलं आणि म्हणाला, "एकदम तुमच्यासाठीच बनलीय साहेब." मला ५२ च्या आसपासची हवी होती, हे नंतर कळलं. हँडल इतकं लांब की हुडवर, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरवरच्या रबरी मुठीवर, हात ठेवले की खांदे कानाला लागायचे. वाकड्या भागाला तर मी हातच लावत नव्हतो. सगळा वेळ हँडलच्या वरच्या सरळ पट्टीला धरून, ताठ, हायब्रिडवर बसतो तसाच, वर ब्रेक हाताशी नाही. ठोसेघरच्या उतारावर एक म्हैस आडवी आली तेव्हा ब्रेकपर्यंत बोटं पोचेपर्यंत जे काही डोळ्यांसमोरून गेलं ते इथं लिहीत नाही. म्हैस शांत होती. दोन महिने मान दुखली, करंगळी बधिर झाली, आणि वेग? हायब्रिडपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. आठ महिन्यांनी निम्म्या किमतीला विकली.

म्हणून माझं ऐकाल तर असं करा. आधी हायब्रिडचं एकदा नीट ओव्हरऑइलिंग करून घ्या, इतक्या वर्षांत झालं नसेल. छर्रे, कोन-कप, चेन, सगळं. चाक उचलून हातानं फिरवा. ब्रेकचं रबर रिमला घासत असेल तर ते चरचर ऐकू येईल. रिमला आऊट असेल तर काढून घ्या. टायर ३२ चे गुळगुळीत घ्या, जोडी तीन-साडेतीन हजारांत बरी मिळते. टायरच्या कडेला ६२२ आकडा आहे ना आणि तुमच्या रिमच्या रुंदीला ३२ बसतो ना, एवढं मेकॅनिककडून तपासून घ्या. ट्यूबही त्याच मापाच्या. हवा पुढं साठ, मागं सत्तर पौंडांच्या आसपास, आणि दर रविवारी निघायच्या आधी पंपानं बघायची, अंगठ्यानं दाबून नाही. सस्पेन्शनला लॉक असेल तर डांबरीवर लावून टाका. हँडलखालच्या रिंगा एक-एक करून स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) वर टाका, दर आठवड्याला एक. एकदम खाली आणाल तर पाठ धरेल. हँडलच्या टोकांना बार एंड, म्हणजे शिंगांसारखे छोटे दांडे, लावा. आणि कोपरं वाकवा. हे कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगत नाही. विंडचीटर अंगासरशी घ्या. बायकोला सांगू नका की मी सांगितलं, पण सायकलीला थोडं काहीतरी झालेलं आहे.

एक मात्र करू नका. हायब्रिडलाच वाकडं हँडल बसवून घ्यायची कल्पना कुणी ना कुणी देईलच. हायब्रिडची फ्रेम सरळ हँडल धरून लांब बनवलेली असते, त्यावर वाकडं हँडल लावलं की आणखी लांब होतं. शिवाय ब्रेकचे लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर दोन्ही बदलावे लागतात, आणि व्ही-ब्रेकला रोडचे लिव्हर पुरेशी तार ओढत नाहीत. पैसे जातात आणि सायकल ना धड इकडची राहते ना तिकडची.

हे सगळं करून महिना चालवा. मग ग्रुपमधल्या तुमच्या उंचीच्या एखाद्या मित्राची रोड बाईक एका सकाळसाठी मागा. मेढा रस्त्यावर दहा किलोमीटर जा, दहा परत या, आधी तुमच्या सायकलवर, पुढच्या रविवारी त्याच्या. वारा उठायच्या आत, सहा-साडेसहाला. पावसाळ्यात नको, तेव्हा तिकडं जाताना पश्चिमेचा वारा छातीवर असतो आणि येताना पाठीवर, आकडे फसवतात. दोन्ही वेळा जोर सारखा ठेवायचा: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत. मोबाईलमधले दोन आकडे शेजारी मांडा. फरक दीडचा आला तर माझा कागद बरोबर. तीनचा आला तर माझ्यापेक्षा तुमच्या शरीराला ती घडी जास्त मानवते असं समजा आणि घेऊन टाका.

बीआरएमचं म्हणाल तर त्यासाठी सायकल बदलायची गरज नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. चालता वेग सरासरी १८ जरी ठेवलात तरी अकरा तास आणि काही मिनिटं चालवण्यात जातात, सव्वादोन तासांहून थोडे जास्त चहा, जेवण, पंक्चरला उरतात. हायब्रिडवर पूर्ण करणारे दरवर्षी असतात. दहा तासांनंतर जाणवतो तो वेग नाही, मनगट. सरळ हँडलवर हात ठेवायला एकच जागा. वाकड्या हँडलवर तीन-चार जागा, तळहात बदलत राहता येतो. रोड बाईक घ्यायचं माझ्या दृष्टीनं हे वेगापेक्षा मोठं कारण आहे. तोपर्यंत बार एंड चालवून घेतील.

आणि घ्याल तेव्हा: फ्रेम तुमच्या मापाची, शिल्लक माल म्हणून दुकानदार देईल ती नाही. टायरला निदान २८ ची, जमलं तर ३२ ची जागा. कासहून पावसात उतरायचं असेल तर डिस्क ब्रेक. हवेचा पंप प्रेस्टा व्हॉल्व्हचा, कारण त्या बारीक व्हॉल्व्हला नाक्यावरचा कॉम्प्रेसर बसत नाही आणि रविवारी सकाळी तोंड बघत उभं राहावं लागतं.

हायब्रिड विकू नका. इतक्या वर्षांच्या सायकलला बाजारात सहा-सात हजार मिळाले तर मिळाले, आणि तेवढ्यात घरातली दुसरी सायकल येत नाही. मुलगी आठवीत आहे म्हणालात. तिला चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभी करा, पायांच्या मधून एक पुस्तक आडवं वर सरकवा आणि जमिनीपासून त्या पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. तो आकडा आणि फ्रेमवर लिहिलेलं माप, दोन्ही कळवा. बसते का ते सांगतो.